शेजारी राहूनसुद्धा

"आई, मला वाढू नकोस हं. परवाच यकृत, दंड, मांड्या सगळं भरून आलोय. महिनाभर भूक नाही," निवास उंबऱ्यातूनच म्हणाला.

हौसाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. माणसांच्या अंगात महिन्याभराची साखर भरून द्यायचं केंद्र निघाल्यापासून गावात कुणी कुणाला जेवायला हाक मारत नव्हतं. चूल पेटायची ती त्यांची एकटीची. आणि एकटीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"बरं बाबा. मग विहिरीचं पाणी तरी ओढून दे."

निवासनं हंडा भरला, घागर भरली. "अजून थोडं," म्हणत त्यांनी गुरं नसलेल्या गोठ्यातली डोणीही भरून घेतली. शेवटी त्याचे हात थरथरू लागले, दोर सुटला, बादली धपकन आत गेली.

"आता लागली का रे भूक?" त्यांनी आशेनं विचारलं.

निवास हसला. "म्हणून राबवलंस होय! अगं, फक्त हातांतली साखर सरली. मांड्या भरलेल्याच आहेत."

"मग त्या देतील की हातांना."

"नाही देत. स्नायूतली साखर ज्याची त्यालाच. दुसऱ्याला कणभरसुद्धा मिळत नाही."

"एकाच अंगात शेजारी राहूनसुद्धा?"

"शेजारी राहूनसुद्धा."

त्याच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. त्याचे हात वर होईनात, म्हणून हौसाबाईंनीच पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. भरल्या पायांनी तो एकदाही न थांबता रस्त्याकडचा चढ चढून गेला.