वरून येणारे ठोके

वरच्या मजल्यावरची म्हातारी गेली हे कळलं, तेव्हा तळघरात संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी वायरी जोडणं चाललं होतं.

सांगायला तिचा नवराच खाली आला. हातात काठी होती, पण चालताना तो ती टेकत नव्हता.

"रविवारी गेली," तो दारातूनच म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"अरेरे," गायिका म्हणाली. "बसा ना, काका."

"नको. आज नवं गाणं आहे का?"

"आहे एक."

त्यानं मान हलवली आणि जिना चढून गेला.

गायिकेचा भाऊ ड्रमवरची चादर ओढत पुटपुटला, "ताई, सुटलो बघ."

"गप रे. जरा जनाची लाज बाळग."

पण हायसं तिलाही वाटलं होतं. गाणं रंगात आलं की वरून काठी आपटायची. ठक. म्हातारी कधी जिन्यात दिसली नाही, कधी तोंडावर बोलली नाही. नुसती काठी. शेवटी भाऊ वैतागून, ठोका पडायचा तिथं जागा सोडूनच वाजवायला लागला.

तेव्हा ऐकायला चार टाळकी उरली होती. बाकीचे मोठ्या मैदानांकडे पांगले. शहरातल्या इतर तळघरांची गोदामं झाली. याही तळघराच्या मालकानं पुढच्या महिन्यापासून खोकी ठेवतो म्हणून बजावलं होतं. मग कुणीतरी चोरून केलेलं रेकॉर्डिंग या फोनवरून त्या फोनवर फिरलं, आणि आज रांग जिन्यातून थेट रस्त्यापर्यंत गेली होती. पुढच्या खुर्चीत रेकॉर्ड कंपनीचा माणूस होता. त्याला पटलं तर कंपनी तळघर भाड्यानं घेणार. नाहीतर खोकी.

पहिलं गाणं चढत गेलं. सवयीनं भावाचा हात थांबला.

ठक.

लोकांनी एकच गलका केला. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, ती गेली ना?" तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तिनं डोळ्यांनीच दटावलं आणि पुढची ओळ उचलली. दुसऱ्या गाण्यातही ठोका आला, तिसऱ्यातही. नेमका.

मग नवं गाणं. भाऊ जागा सोडत राहिला. वरून काहीच आलं नाही. लोक छताकडे बघत राहिले. टाळ्या पडल्या, त्याही उपकार केल्यासारख्या.

कंपनीवाला स्टेजपाशी आला. "जुनी सगळी घेतो. पण लोक त्या ठोक्यासाठी येतात, बाई. नव्यात तो नाही. तो घाला, मग तळघराचं बोलू. कोण वाजवतं ते?"

"विचारून सांगते," ती म्हणाली आणि जिना चढली.

वर दार उघडंच होतं. खिडकीशी लोखंडी खाट, गादी गुंडाळलेली. खाटेजवळची फरशी एकाच जागी फुटून खोलगट झाली होती. शेजारी स्टुलावर काका बसले होते. काठी मांडीवर.

"काका, तुम्ही वाजवत होतात? आम्हाला वाटायचं, काकू चिडून..."

"ती कुठली काठी उचलते, पोरी? मानेखालचं अंग कधीच गेलं होतं तिचं. काठी माझ्याच हातात असायची. कुठं मारायची, ते ती डोळे मिटून सांगायची." त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं. "नव्या गाण्याचं सांगायचं राहिलं तिचं."