मागची लाट

सकाळी जाळी ओढून झाली, बांगडा बर्फात भरला गेला आणि सर्वांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. होडी खाडीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत वारा वाढला होता आणि लाटा मागून येत होत्या. अशा वेळी सुकाणू धरणारा तांडेल केवळ खडकांमधल्या वाटेकडे पाहतो. मागचा माणूस लाट दिसताच हाक देतो आणि तांडेल होडी सरळ धरतो.

"आली!" हिराजी तांडेलाचा मेहुणा गोमा ओरडला. हिराजीचा हात हलला नाही. लाटेने होडी आडवी फिरवली; खलाशी एकमेकांवर कोसळले. होडी कशीबशी सावरली.

"भावजी, कानात कोलंबी शिरली काय?"

कोणी हसले नाही. हाक हिराजीला ऐकूच आली नव्हती. इंजिनाशेजारी उभे राहून कान गेले होते, हे त्याने घरीही लपवले होते. कळले असते तर तांडेलकी गेली असती.

खलाशांच्या नजरा पुन्हा मागे वळल्या. दूर मोठी लाट उठत होती.

"गोमा, सुकाणू धर. मला ऐकू येत नाही. डोळे शाबूत आहेत."

गोमाने त्याची जागा घेतली. हिराजी मागे जाऊन लाटांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने वेळेवर हाक दिली.