नव्या सर्व्हरवर

विहंगची बायको यामिनी हिवाळ्यात वारली. सेक्टर फाइव्हमधल्या ज्या ऑफिसात दोघं काम करत, तिथे उन्हाळ्यात जुने सर्व्हर बदलायचं ठरलं. तिने लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला ओळीओळीने आज्ञा देणाऱ्या फाइली, नव्या सर्व्हरवर चालत्या करून द्यायचं काम विहंगने स्वतःहून मागून घेतलं. त्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, शेल, तोही नव्या सर्व्हरवर वेगळा होता. ओळ न् ओळ तपासावी लागेल, तिने लिहिलेलं निदान महिनाभर डोळ्यांसमोर राहील, असं त्याने धरलं होतं.

पण यामिनी नेहमी म्हणायची, "शेल बदलत राहतात रे. आपण साधं लिहावं, म्हणजे कुठेही चालतं."

पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या स्क्रिप्ट चालवून पाहिल्या. एकही कुठे अडली नाही. तो स्क्रीनकडे नुसता बघत बसला.

संध्याकाळी साहेब, मुखर्जीदा, टेबलापाशी आले. "काय विहंग, किती दिवस लागतील?"

"महिना तरी लागेल, दादा. बरंच बिघडलंय."

"सावकाश कर," ते म्हणाले आणि निघून गेले.

 

मग विहंगने तिची पहिली फाइल उघडली आणि नीट चालणारी एक ओळ स्वतःच्या हाताने मोडली.