जत्रेतली उलटतपासणी

“थांबा! ह्याला दिसतंय!”

मोरोपंत वकील वरच्या कठड्यावरून ओरडले आणि ‘मौत का कुआँ’ एकदम गप्प झाला. एकोणीसशे अठ्ठावन्न साल, बहिरमची जत्रा, भर दुपार. कुआँ म्हणजे उभ्या फळ्यांची, तीन पुरुष उंच, गोल विहीर. लोक वरून डोकावत होते. तळाशी कुर्बान डोळ्यांना पट्टी बांधून फटफटीवर बसला होता. आता तो त्या भिंतीवर गरागरा फिरणार, आणि नेमका तेव्हाच अमरावतीच्या कोर्टातला हा शहाणा उठला.

बहिरमला जाऊन आलेल्या म्हाताऱ्यांना आजही विचारा. हंडीतलं मटण सांगतील, रोडगे सांगतील, मौत का कुआँसुद्धा सांगतील. फटफटी कोण चालवायचं म्हणाल, तर डोकं खाजवतील. बाहेरच्या पाटीवर मालकाचं नाव होतं, जबडा वासलेला वाघ होता. बाळापूरचा कुर्बान कुठेच नव्हता.

मोरोपंत धोतर सावरत खाली उतरले. “पट्टी बांधूनच का येतो हा? आमच्यासमोर बांधा!”

मालक नत्थुजीने कपाळाला हात लावला. “वकीलसाहेब, हे जत्रा हाय, कोर्ट नाई.”

पण वरून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. नत्थुजीने वारं ओळखलं आणि तो कुर्बानकडे वळला. “लबाडी निघाली त उद्यापासून फटफटीवर दुसरा माणूस बसन. आताच सांगून ठेवतो.”

कुर्बान नुसता हसला. “पाहू द्या ना त्यायले.”

मोरोपंतांनी मागे उभं राहून गाठ सोडली. पट्टी उन्हात धरली, ताणली, स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिली. जाड मांजरपाट. काही दिसेना. वकिली अंगात अशी मुरलेली की मुद्देमाल दहादा उलटून पाहतील, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा पाहणार नाहीत. त्यांनी पट्टी परत बांधली आणि वर आपलं उपरणं चार पदरी करून आवळलं. तरी समाधान होईना.

तेवढ्यात त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या कुलसुमबीवर गेली. ती कुर्बानची बायको. हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. खेळ चालू असताना ती तळाशी उभी राहून डबा बडवायची. लोकांना ती आपली वाजंत्री वाटे.

“हा इशारा आहे,” मोरोपंत म्हणाले. “डबा बंद!”

“डबा राहू द्या, साहेब.” कुर्बान पहिल्यांदाच घाईने बोलला. “बाकी सांगान ते करतो.”

“बघा! सापडला!”

वर एकच गिल्ला झाला. नत्थुजीने कुलसुमबीला वर जायला खुणावलं. ती हलेना. शेवटी कुर्बानच म्हणाला, “जाय, कुलसुम. वर जाऊन उभी राय.” ती डबा छातीशी धरून जिना चढली. मोरोपंत आणि नत्थुजीही मागोमाग वर आले.

फटफटी सुटली. तिरप्या फळ्यांवरून भिंतीवर चढली, आणि सगळा कुआँ थरथरू लागला. पायाखालची फळी थरथरत होती, पोटात आवाज घुमत होता. जिवंत माणूस जमिनीला आडवा होऊन भिंतीवर धावत होता. पाचव्या फेरीला त्याने दोन्ही हात सोडले. डोळ्यांवर ते जाडजूड उपरणं तसंच. आपण कोणावर शंका घेतली, ह्याची मोरोपंतांना लाज वाटली. हात जोडावेत असं वाटलं, आणि त्यांनी ते जोडलेही.

खेळ दहा फेऱ्यांचा. दहा झाल्या. पंधरा झाल्या. लोक खूश होऊन टाळ्या पिटत होते. फटफटी मात्र फेरीगणिक वर सरकत होती. कठड्याखालच्या तारेपासून ती आता हातभर राहिली होती. तारेच्या पलीकडे उघडं आभाळ.

“उतरत का नाही हा?” मोरोपंतांनी विचारलं.

“तुमीच त डबा बंद केला,” कुलसुमबी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मोरोपंतांनी नत्थुजीच्या हातातला भोंगा ओढून घेतला. “कुर्बान! पट्टी काढा! मी हरलो, सगळ्यांसमोर सांगतो, मी हरलो!”

कुर्बानने ऐकलं. एका हाताने उपरणं आणि पट्टी दोन्ही गळ्यात ओढली. डोळे टक्क उघडे. लोकांनी आरोळी ठोकली. पण फटफटी काही खाली येईना. चाक तारेला घासलं.

“अहो, आता उतरा ना!” मोरोपंतांचा आवाज फाटला.

कुलसुमबीने त्यांना ढकललं आणि जिन्यावरून धावत सुटली. दाराच्या फटीतून आत शिरून तिने डबा बडवायला सुरुवात केली. दण, दण, दण. ठोक्यागणिक फटफटी खाली येऊ लागली. तीन फेऱ्यांत ती तळाला टेकली आणि कुलसुमबीच्या पुढ्यात, हातभरावर, थांबली.

मोरोपंत नत्थुजीपाठोपाठ खाली पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि डोळे भरले होते. “कुर्बानमियाँ,” ते म्हणाले, “असा स्वार मी जन्मात पाहिला नाही. चुकलो मी. द्या हात.”

त्यांनी हात पुढे केला. कुर्बान हसत होता, पण त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या फळ्यांकडे बघत. मोरोपंतांचा हात तसाच राहिला. माणसाला राग आहे, असं त्यांना वाटलं. असणारच, आपण काय कमी केलं?

कुलसुमबीने डबा खाली ठेवला. नवऱ्याचा हात उचलून तिने तो वकिलांच्या हातात दिला आणि नत्थुजीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

“राग नाई, वकीलसाहेब. चार सालापासून त्यायले काईच दिसत नाई.”