रविवारचा समेट

"तू काउंटरपाशी उभा राहा," ताईने धाकट्या भावाला बजावलं आणि थोरल्याला पार इस्त्रीच्या टेबलाकडे पिटाळलं. मध्ये आईचा फोटो. आई होती तेव्हाही मध्ये तीच असायची.

आईने नावारूपाला आणलेलं शिवणकामाचं दुकान आज, रविवारी, तिच्या आठवणी काढायला आलेल्या माणसांनी भरलं होतं. मशिनी सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. दुकानाचे दोन भाग करणारी प्लायवुडची भिंत मात्र तशीच होती. रोजच्या येण्याजाण्यातला कापडवालासुद्धा आत शिरताना तिच्यावर धडकला.

ती भिंत आली पाटीपायी. दुकानाच्या नव्या पाटीवर आधी कुणाचं नाव, एवढ्यावरून भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. तेव्हा नवरा गेल्यापासून ताई दार लावून घरात बसली होती, कुणाला भेटत नव्हती. आई तिच्या दाराबाहेरूनच ओरडली होती, "तिकडे हे दोघं एकमेकांचा जीव घेतायत, आणि तू बस झोपून." ताईने चपला घातल्या. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. दर रविवारी येऊन ती समेट घडवायची आणि पुढच्या रविवारपर्यंत तो मोडलेला असायचा.

आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हे दोघं चारचौघांत जुंपले तर आईची शोभा होणार. आणि आज नाही जुळलं, तर आईमागे हे घर दोन दिशांना जाणार. मग तिला माहेर म्हणून उरणार काय?

कापडवाला बोलायला उठला. आई त्याचं माप घेताना म्हणायची, पोट आत घेऊ नका, शर्ट जेवल्यावरही घालायचाय. सगळे हसले. शेजारच्या शिक्षिकेने सांगितलं की पहिल्या नोकरीच्या वेळी आईने तिचा जुना कोट उसवून, आतली बाजू बाहेर करून नव्यासारखा शिवून दिला होता. ताईच्या कानात काही शिरत नव्हतं. धाकटा चहा वाटत होता आणि तिची नजर त्याच्या ट्रेवर होती. थोरल्यापुढे त्याने न बोलता बिनसाखरेचा कप ठेवला. थोरल्याला साखर बंद झाल्याचं याला कुठून कळलं? वहिनी बोलली असेल.

माणसं पांगल्यावर तिने शटर अर्धं ओढलं आणि दोघांना समोरासमोर बसवलं.

"आज फोटोपुढे हात मिळवायचा. मला आता तुमच्या मध्ये पडायचं त्राण नाही. आई होती म्हणून येत होते मी."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याचे डोळे भरून आले. थोरल्याने बराच वेळ चष्मा पुसला.

"ताई, ही भिंत आम्ही फक्त रविवारी उभी करतो," तो म्हणाला. "आईच आमच्याकडून लावून घ्यायची."

ताईने उठून भिंतीला हात लावला. भिंत हलली.

धाकटा खुर्चीत चुळबुळत होता. शेवटी त्याने विचारलं, "आता भांडण चालू ठेवायचं, की तशीही येशील?"