व्याकरणात बसणारी मागणी

टोंगातल्या एका बेटावरच्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गात मासेमार सेमिसी उभा राहिला आणि घोकून घोकून पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून मोकळा झाला. "बाई, आय विल मॅरी यू!"

लुपेबाईंच्या हातातला खडू गळून पडला, पण शिकवायची खोड काही सुटेना. "आत्ता, उभ्या उभ्या ठरवलं असेल तरच 'विल'. आधीच ठरलं असेल तर 'गोइंग टू'."

"आत्ताच ठरवलं, बाई. देवाशपथ!"

तेवढ्यात तिथल्या रिवाजाप्रमाणे मागणीच्या भेटीच्या चटया आणि केकाटणारं डुक्कर घेऊन त्याची आई नि आत्या फाटकातून आत शिरल्या.

"गोइंग टू," बाईंनी चूक दुरुस्त केली.

सेमिसीची मान खाली गेली. "आणि तुमचं, बाई?"

"माझं आत्ताच ठरलं," बाई लाजल्या. "आय विल."