साडेचारशे फूट

पडेगावात सगळ्यांचे बोअर आटले, पण जनार्दनच्या मोटारीला पाणी येतच होतं. त्याच्या चुलतभावाच्या, अंबादासच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं. त्यानं तहसीलात अर्ज टाकला: कायद्यानं दोनशे फुटांची मर्यादा असताना जनार्दननं चारशे फूट बोअर घेतलाय.

साहेब आले. त्यांनी पंचनामा केला, वीज तोडली, बोअरला सील ठोकलं. अंबादासला बरं वाटलं, पण अख्खी गल्ली जनार्दनभोवती गोळा झाली. "चारशे फूट! लई दमाचा गडी!" कुणीतरी सीलासोबत त्याचा फोटोही काढला.

साहेब अंबादासकडं वळले. "तुमचा बोअर किती फुटांचा?"

गल्लीत त्यानं तीन वर्षं साडेचारशे सांगितलं होतं. खरं म्हणजे दीडशेलाच मशीन अडकलं होतं आणि पाण्याचा थेंबही लागला नव्हता. दीडशे म्हटलं की तो सुटणार होता.

जनार्दन कान टवकारून उभा होता.

"साडेचारशे लिहा साहेब," अंबादास छाती काढून म्हणाला, "अन् गुन्ह्याच्या यादीत माझं नाव ह्याच्या वर घ्या."